दुसरा अल्बम आणि गायकाचा स्वाभिमान

एखाद्या गायकाचे एक गाणे गाजले की त्याच्याभोवती दोन प्रकारची माणसे जमतात. एक त्या गाण्यावर प्रेम करणारी, दुसरी त्या गाण्यावर धंदा करणारी. दोघांची मागणी मात्र एकच असते, 'आता तसेच दुसरे द्या!' या मागणीपुढे भलेभले वाकतात. जो वाकत नाही त्याला 'संपला' म्हणून मोडीत काढले जाते. आम्ही आज अशाच एका न वाकलेल्या गायिकेची गोष्ट वाचकांपुढे ठेवत आहोत. तिचे नाव ट्रेसी चॅपमन.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात ३० मार्च १९६४ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात तिचा जन्म झाला. आईने तिला वाढवले. हुशार पण संधी नसलेल्या मुलांना चांगल्या शाळेत पाठवणाऱ्या योजनेतून तिला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे टफ्ट्स विद्यापीठातून तिने मानववंशशास्त्राची पदवी घेतली. शिकत असताना ती गिटार घेऊन हार्वर्ड स्क्वेअरच्या रस्त्यावर गात असे. शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकलेल्या आमच्या पिढीला या प्रवासाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

एप्रिल १९८८ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. ट्रेसीचे गाणे दुपारीच आटोपले होते. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्ययंत्राची डिस्क सापडेना, म्हणून ऐनवेळी तिला पुन्हा मंचावर पाठवण्यात आले. एक मुलगी, एक गिटार, समोर भरलेले स्टेडियम आणि पाहणारे साठाहून अधिक देश! तिने 'फास्ट कार' गायले. दारूड्या बापासाठी शाळा सोडावी लागलेली, दुकानात राबणारी आणि वस्तीतून बाहेर पडण्याचे स्वप्न पाहणारी मुलगी त्या गाण्यात आहे. काही आठवड्यांत तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. १९८९ मध्ये तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली म्हणून अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९८८ मध्ये जगभर संगीतदौरा काढला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचे युसू एन्दुर आणि ट्रेसी असे पाच जण त्यात होते. ३० सप्टेंबर १९८८ रोजी हा दौरा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. ज्या देशात माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी आजही झगडावे लागते, तिथे एक काळी मुलगी मानवी हक्कांसाठी गाऊन गेली. आमच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

एवढ्या यशानंतर सर्वांचे लक्ष दुसऱ्या अल्बमकडे लागले. ३ ऑक्टोबर १९८९ रोजी 'क्रॉसरोड्स' आला. बाजाराच्या हिशेबाने तिने काय करायला हवे होते? आणखी एक 'फास्ट कार' लिहायला हवी होती. तिने तसे केले नाही. पहिल्या अल्बमचे निर्माते डेव्हिड कर्शनबॉम होते, या वेळी त्यांच्या जोडीने निर्माती म्हणून तिने स्वतःचे नाव लावले. अजूनही तुरुंगात असलेल्या मंडेलांच्या सुटकेसाठी 'फ्रीडम नाऊ' लिहिले. चकचकीत शहराच्या तळाशी, उष्ट्या-उरल्यावर जगणाऱ्यांसाठी 'सबसिटी' लिहिले. शेवटच्या गाण्यात आई मुलीला बजावते की मोहापायी स्वतःला विकू नकोस. हा सगळा अल्बम म्हणजे कीर्ती मिळाल्यानंतर माणसाने कोणाचे व्हायचे, या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

बाजाराने काय केले? ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबला. पहिल्या अल्बमला अमेरिकेत साठ लाखांच्या खपाचे प्रमाणपत्र आहे, दुसऱ्याला दहा लाखांचे. लगेच 'उतरती कळा' अशी भाषा सुरू झाली. आमचा सवाल असा, की दहा लाख घरांत मंडेलांच्या मुक्तीचे गाणे पोहोचणे याला अपयश म्हणायचे काय? ११ फेब्रुवारी १९९० रोजी, म्हणजे अल्बम आल्यानंतर चार महिन्यांनी मंडेला सुटले. गाण्याने तुरुंगाचे कुलूप उघडते असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण कुलपावर घाव पडत होते तेव्हा ही गायिका कोणत्या बाजूला उभी होती, याची नोंद इतिहासात राहील.

कोणी म्हणेल, पहिल्या अल्बमने पोट भरल्यावर स्वाभिमान परवडतो. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच एक वकील म्हणून आम्हाला तिच्या कथेचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिचा स्वाभिमान केवळ आवाजात नव्हता, तो कागदावरही होता. तिची गाणी तिने स्वतः लिहिली आणि त्यांवरचे हक्क जपले. २०१८ मध्ये निकी मिनाज या नामवंत रॅप गायिकेने तिच्या गाण्याचा भाग वापरण्याची परवानगी मागितली. ट्रेसीने नकार दिला. तरीही ते गाणे रेडिओवर वाजले. ट्रेसी न्यायालयात गेली. २०२० मध्ये न्यायालयाने स्टुडिओतील प्रयोगापुरता वापर वैध ठरवला, पण गाणे बाहेर पोहोचवण्याचा प्रश्न खुला ठेवला. अखेर जानेवारी २०२१ मध्ये साडेचार लाख डॉलर देण्याच्या प्रस्तावावर दावा मिटला.

२०२३ मध्ये ल्यूक कॉम्ब्स या गोऱ्या गायकाने 'फास्ट कार' जसेच्या तसे गायले. तिथल्या कायद्यानुसार अशा गायनाला परवानगी लागत नाही, पण मूळ गीतकाराला मानधन द्यावेच लागते. पस्तीस वर्षांनी ते गाणे पुन्हा देशभर वाजले. कंट्री संगीताचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार ठरली.

आता आपल्या घरात पाहू. आमच्या कार्यालयात भीमगीते गाणारे एक ज्येष्ठ गायक आले होते. त्यांची एक कॅसेट गावोगाव वाजली. त्या कॅसेटचा कागद आम्ही पाहिला. थोडी रोख रक्कम, खाली सही आणि 'सर्व हक्क कायमचे दिले' असे एक वाक्य! दुसऱ्या कॅसेटच्या वेळी त्यांनी जातिअंतावरची नवी गाणी नेली, तेव्हा 'जुन्या चालीवर जयंतीची गाणी द्या' असे त्यांना सांगण्यात आले. आणि आम्ही श्रोत्यांनी काय केले? प्रत्येक मंचावर तेच जुने गाणे मागितले. दोष केवळ कंपनीचा कसा म्हणता येईल?

ज्यांनी कायद्याचे हत्यार आमच्या हाती दिले त्या बाबासाहेबांच्या अनुयायांना कायदा ठाऊक नसावा, हे शोभत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकल्यावरही गीतकार म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कायम राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला देऊन टाकता येत नाही. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. महाकवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहेत. तरी त्यांची गाणी किती ठिकाणी त्यांच्या नावाशिवाय वाजतात!

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जयंती मंडळांनी डीजेवर लाखो रुपये उधळण्याआधी गायकाचे मानधन ठरवावे आणि ते लेखी द्यावे. गाण्याआधी गीतकाराचे नाव घ्यावे. चळवळीतील वकिलांनी कलावंतांचे करार विनामूल्य वाचून द्यावेत, आम्ही तयार आहोत. आणि एखादा गायक नवे गाणे घेऊन उभा राहिला तर जुन्याची फर्माईश करण्यापूर्वी ते नवे ऐकून घ्यावे. पहिले गाणे समाज डोक्यावर घेतो, पण त्या गायकाला दुसरे गाणे स्वतःच्या मनाने गाता येईल की नाही, हे आपल्या वागण्यावर ठरते.