चिठ्ठी बदलून पाहा

परवा नात लॅपटॉपवर पानांचे फोटो घेऊन बसली होती. दोन जातींच्या झाडांची पाने. त्यांचा आकार खरोखरच वेगळा आहे का, ते तिला तपासायचे होते. प्रत्येक पानावर देठ, टोक, शिरांची टोके अशा ठरावीक खुणा केलेल्या. "आजोबा, सगळी पाने एका जागी आणायची, एका मापाची करायची, एकाच दिशेला फिरवायची. मग उरतो तो आकार!" केंडल नावाच्या गणितज्ञाने आकाराची व्याख्याच अशी केली आहे म्हणे. मला ती फार आवडली.

"मग फरक दिसला की झालं?"

"छे! मग चिठ्ठ्या बदलायच्या." कुठले पान कुठल्या झाडाचे, ही नावे हजार वेळा उलटसुलट वाटून पाहायची. नुसत्या नशिबाने केलेल्या गटांतही तेवढाच फरक वारंवार दिसू लागला, तर मूळ फरकावर विसंबायचे नाही.

मला इरावतीबाई कर्वे आठवल्या. त्या बर्लिनला शिकायला गेल्या होत्या. वंशाप्रमाणे कवटीची डावी-उजवी बाजू कमीजास्त असते, असे त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर यांचे मत होते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. तसा संबंध आढळला नाही, आणि गुरूच्या मताविरुद्ध त्यांनी तसेच लिहिले. केवढे हे धैर्य!

आणि मी? 'ड' तुकडी म्हणजे दगड, असे स्टाफरूममध्ये कितीदा तरी बोललो असेन. एका वर्षी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पेपरांवर फक्त क्रमांक होते. 'ड'चा समजून मी 'अ'चा गठ्ठा तपासला, आणि चांगल्या उत्तरांनाही हात आखडून मार्क दिले. चूक कळल्यावर मार्क दुरुस्त केले. मनातली चिठ्ठी मात्र तशीच राहिली.

आज मला वाटते, गट मोजण्याआधी ते कुणी पाडले आणि कशासाठी, हे विचारावे. फरक निघालाच, तरी तो सरासरीचा असतो. त्यावरून एखाद्या पानाबद्दलसुद्धा छातीठोकपणे बोलता येत नाही, मग मुलाबद्दल कसे बोलणार?

'ड' तुकडीतल्या माझ्या मुलांनो, आता तुम्हीही आजोबा-आजी झाला असाल. या मास्तरांना जमले तर माफ करा.