आधी शनिवार ठरवा, मग झिपलाइन

"तुम्ही सगळे जा. मी घरीच बरी. माझ्या खाण्यापिण्याचा तुम्हाला कशाला व्याप?"

ठाण्यातल्या माझ्या मैत्रिणीची आई असं म्हणाली, तेव्हा टेबलावर कोस्टा रिकाचा नकाशा पसरलेला होता. मैत्रिणीचा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे जाऊन तिथून सगळ्यांनी आठ दिवस कोस्टा रिकाला जायचं, असा बेत होता. ज्वालामुखी, घनदाट जंगल, झिपलाइन! अडचण एकच होती. हे कुटुंब बेने इस्रायली आहे आणि काकू कोशेर काटेकोर पाळतात. डुक्कर, कोळंबी, खेकडे चालत नाहीत. मासा खवले आणि पर असलेलाच हवा. मटण-चिकन धर्मनियमाप्रमाणे कापलेलं हवं. मांस आणि दूध एकत्र येत नाही, दोन्हींची भांडीही वेगळी.

काकूंना मागे ठेवून केलेली सहल कसली कौटुंबिक? म्हणून आम्ही 'कोशेर हॉटेल कुठे आहे' हा शोध थांबवला आणि त्यांच्या नियमांपासूनच आखणी सुरू केली.

शनिवार आधी

कोकणात बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी काम बंद ठेवत. तो शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. या काळात प्रवास नाही, स्वयंपाक नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही.

कोस्टा रिका विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्यास्त साधारण सव्वापाच ते सहाच्या दरम्यान होतो. त्यामुळे शुक्रवारचं साहस दुपारी बारापर्यंत आटपायचं आणि मग स्वयंपाकाला लागायचं. तसंही पावसाळ्यात तिथे बहुतेक वेळा दुपारनंतरच सर येते, त्यामुळे सकाळचे बेत सगळ्यांच्याच सोयीचे. डिसेंबर ते एप्रिल हे तुलनेने कोरडे महिने.

आमचा क्रम असा ठरला: रविवारी राजधानी सान होसेत उतरायचं. सोमवारी तीनेक तासांवरच्या ला फोर्तुनाला जायचं. तिथे समोरच अरेनाल ज्वालामुखी आहे. 1968 मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला होता, 2010 पासून तो शांत आहे. तीन दिवस धबधबा, झुलते पूल आणि राफ्टिंग. गुरुवारी तलाव बोटीने ओलांडून मोंटेवेर्देच्या ढगांतल्या जंगलात. शुक्रवारी सकाळी झिपलाइन आणि शब्बाथ तिथेच. शनिवारी पायी फिरायचं, पक्षी बघायचे. ज्यांना शनिवारी सिनेगॉगमध्ये जायचं असेल, त्यांनी शब्बाथ सान होसेत ठेवावा. तिथे ज्यू वस्ती आहे.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा. कुलूप किल्लीचं आहे की इलेक्ट्रॉनिक कार्डाचं? आणि माणूस दिसताच आपोआप लागणारे दिवे आहेत का? शब्बाथला या दोन्ही गोष्टी अडचणीच्या ठरतात.

स्वतःचं भांडं

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, पण तिथली भांडी वापरू नका. एक पातेलं, एक तवा, सुरी आणि चमचे आपले न्या. विजेची शेगडी भारतातून मात्र नेऊ नका. तिथे वीज अमेरिकेसारखी सुमारे 120 व्होल्टची असते, आपली शेगडी चालणार नाही. ती आणि कोशेर शिक्का असलेला बंद डब्यातला माल न्यू जर्सीतच घ्यायचा, असं ठरलं. खाण्याच्या कोणत्या वस्तू देशात नेता येतात, ते निघण्याआधी तपासा. विमानातलं कोशेर जेवण तिकीट काढतानाच नोंदवा आणि दोन दिवस आधी पुन्हा खात्री करा.

शाकाहारी म्हणजे कोशेर नव्हे

इथे बरेच जण फसतात. तिथला रोजचा नाश्ता म्हणजे गायो पिंतो, भात आणि काळा घेवडा. दिसायला निव्वळ शाकाहारी, पण त्यात डुकराची चरबी असू शकते किंवा तो मांसाच्याच भांड्यात शिजलेला असू शकतो. अख्खी फळं मात्र निर्धास्त घ्या. अननस, पपई, केळी, आंबे भरपूर मिळतात, आपल्या सुरीने कापा. मासा अख्खा, खवल्यांसकट बघून घ्या.

नारळाचं नाव निघालं आणि काकू पहिल्यांदा नकाशाजवळ सरकल्या. बेने इस्रायली घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध लावतात, म्हणजे दुधाचा प्रश्नच येत नाही. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरही भात आणि घेवडा नारळाच्या दुधात शिजवतात, हे ऐकून त्या हसल्या. "मग मलिदा करता येईल की!" भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं. चूल लागत नाही. प्रवास सुखरूप झाला की आभार म्हणून करायचा पदार्थ, आता प्रवासातच होणार.

पोहे निवडून बॅगेत भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. काल रात्री त्यांचा मला फोन आला होता.

"अगं, त्या झिपलाइनला वयाची अट असते का?"