तिबोटी खंड्याच्या बिळासमोरचा फ्लॅश बंद करा

प्रति,
महाराष्ट्र वन विभागाच्या वन्यजीव शाखेतील अधिकारी,
कोकणात पावसाळी पक्षी-हाईड चालवणारे यजमान आणि गाईड,
पक्षी छायाचित्रांच्या स्पर्धा भरवणारे आयोजक आणि परीक्षक
यांस,



पहिला पाऊस जमिनीत मुरला की तिबोटी खंड्या कोकणात दिसू लागतो. कर्नाळ्यापासून चिपळूणपर्यंत, पुढे गोव्याच्या जंगलांतही, ओढ्याकाठच्या दाट झाडीत तो विणीसाठी येतो. चिमणीहूनही लहान अंगाचा, लाल चोचीचा, जांभळट डोक्याचा आणि पिवळ्या पोटाचा हा पक्षी ओहोळाच्या काठाला किंवा पायवाटेच्या कडेला मातीच्या दरडीत बीळ कोरतो. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. त्याला साधारण अडीच आठवडे लागतात. पिल्ले बिळाबाहेर पडायला आणखी सुमारे तीन आठवडे. पाली, सापसुरळ्या, छोटे खेकडे, बेडूक, नाकतोडे घेऊन आईबाप दिवसभर ये-जा करत असतात. पाऊस सरला की हे पक्षी बहुतेक दिसेनासे होतात. म्हणजे त्यांचा सगळा संसार आपल्याकडे होतो, आणि तोही वर्षातल्या सगळ्यात काळोख्या दिवसांत.

हाच काळोख छायाचित्रकाराला नडतो. जुलैतल्या भर सकाळीही त्या झाडीत उजेड इतका कमी असतो की शटर १/६० सेकंदाच्या पुढे न्यायला जड जाते. बसलेल्या खंड्याला तेवढे पुरते. तो फांदीवर बराच वेळ एका जागी बसतो, मधूनच मान वरखाली करतो. ट्रायपॉड आणि धीर असला की फोटो मिळतो. पण मागणी आता बसलेल्या खंड्याला नाही. चोचीत पाल धरून बिळाकडे झेपावणारा, पंख पूर्ण उघडलेला, पावसाचे थेंब हवेत थांबलेले आणि मागे काळाभोर पडदा, असा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो फ्लॅशशिवाय निघत नाही. शक्ती कमी केलेला फ्लॅश दहा हजारांश सेकंदाच्या आसपास चमकतो आणि पंख जागच्या जागी थांबल्यासारखे टिपले जातात. शक्ती कमी असल्याने एक फ्लॅश पुरत नाही, म्हणून तीन-चार फ्लॅश स्टँडवर चढवून बिळाभोवती उभे केले जातात. बिळासमोर सोयीची फांदी रोवली जाते. आड येणारी पाने आणि वेली छाटल्या जातात. जवळच कापडाच्या आडोशामागे माणसे बसतात, आणि एक तुकडी उठली की दुसरी येते.

आपल्यापैकी कुणालाही हे नवे नाही. म्हणूनच हे पत्र आपल्याला.

या विषयावर बोलायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फ्लॅशने पक्षी आंधळा होतो याला पुरावा काय? मी तसा दावा करत नाही. पावसाळ्यात विजा चमकतात, त्याने पाखरांचे डोळे जातात का, असेही विचारले जाते. नाही जात. पण वीज बिळाच्या तोंडाशी येऊन सकाळभर मुक्काम करत नाही, आणि तिच्याबरोबर माणसे येत नाहीत. विणीचा हंगाम नसताना, भर दिवसा, पानाच्या सावलीतल्या फुलटोच्याच्या डोळ्यात चमक यावी म्हणून कुणी मंद फ्लॅश टाकला तर माझे त्याच्याशी भांडण नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. दाट झाडी, ढगाळ दिवस आणि कोसळता पाऊस यांमुळे त्या ओढ्याकाठी उजेड नसे, आणि उजेड नसे म्हणून तिथे कॅमेऱ्याला काम नसे. कमी उजेड हे त्या पक्ष्याचे संरक्षण होते. फ्लॅशने ते काढून घेतले. त्याने बिळाचे तोंड, पावसाचे तास आणि संध्याकाळची वेळ ही सगळीच फोटो काढण्याजोगी केली, आणि मग माणसे तिथे जाऊन बसू लागली.

पुढचे नुकसान डोळ्यांदेखत होत असते. चोचीत खाद्य धरलेला खंड्या बिळात शिरत नाही, समोरच्या फांदीवर मान हलवत बसतो, उडून जातो, परत येतो. कॅमेऱ्यामागच्या माणसाला वाटते, चांगली संधी मिळाली. पक्षी मात्र बिचकलेला असतो. तो जितका वेळ बाहेर थांबतो तितका वेळ पिल्ले उपाशी असतात. अंडी असतील तर ती गार पडत असतात. वेली छाटल्या की बिळाचे तोंड धामणीला, घोरपडीला, मुंगसाला उघडे पडते. भिजून भुसभुशीत झालेल्या दरडीच्या माथ्यावर माणसे उभी राहिली की बीळ ढासळण्याची भीती असते. यातले काहीच फ्लॅशच्या प्रकाशाने थेट होत नाही. तरीही फ्लॅश नसता तर यातले बहुतेक झालेच नसते. फ्लॅशचा दोष फक्त डोळ्याच्या पडद्यावर शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

घरट्याशी बसून फोटो काढण्याची पद्धत जुनी आहे, हे खरे. बेट्स आणि लोथर यांचे काश्मीरमधल्या विणीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९५२ मध्ये आले. त्यांचे काम घरट्यांवरचेच. ब्रिटनमध्ये एरिक हॉस्किंग यांनी १९४०च्या दशकात पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरला आणि भक्ष्य घेऊन येणाऱ्या गव्हाणी घुबडाचा त्यांचा १९४८चा फोटो जगभर गाजला. त्या काळी कॅमेरे अवजड होते, फिल्म मंद होती, लांब पल्ल्याच्या चांगल्या लेन्स नव्हत्या. पक्षी खात्रीने परत येईल अशी एकच जागा माहीत होती, ती म्हणजे घरटे. त्यांनी जे केले ते त्या काळाच्या मर्यादेत केले. आज पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि ६४०० आयएसओवरही पिसांचे बारकावे दाखवणारा कॅमेरा हातात असताना तीच सबब पुढे करता येत नाही. याच हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्ये एका घुबडाने झडप घातल्यामुळे गेला. त्या घुबडाच्या घरट्याजवळच्या आडोशाकडे ते रात्री चालले होते. घरट्याशी आलेल्या माणसाला पक्षी काय समजतो, हे याहून स्पष्ट कुणी सांगू शकणार नाही. तिबोटी खंड्याकडे घुबडाची नखे नाहीत, एवढाच फरक आहे.

वन विभागाच्या अधिकाऱ्यांना माझी पहिली विनंती. कायदा आपल्या हातात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या कलम २(१६) ने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते. बंदूक आणि जाळे यांच्या रांगेत कायद्याने घरट्याला होणारा त्रास बसवला आहे. घरटे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कुणाच्या खासगी वाडीत असले म्हणून ही व्याख्या बदलत नाही. अभयारण्यातल्या छायाचित्रणाच्या परवानगीचे कलम २८ आहे. २०२२च्या दुरुस्तीने त्यात अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता, अशी अट घातली आहे. फांदी रोवणे, वेली छाटणे, बिळाभोवती फ्लॅशचे स्टँड उभारणे हे अधिवासात बदल करणे नाही, असे कोण म्हणेल?

कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ पासून आहे आणि जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. एवढ्या लहान जागेत आणि मुंबईच्या इतक्या जवळ नियम लेखी आणि ठळक असलेच पाहिजेत. प्रवेशद्वाराशी मराठीत फलक लावा: घरट्याजवळ फ्लॅश आणि टॉर्च नाही, जून ते सप्टेंबर कुठेच फ्लॅश नाही, अंधार पडल्यावर कोणत्याही पक्ष्यावर फ्लॅश नाही. परवानगीच्या अर्जावर हीच अट छापा. अभयारण्याबाहेर कुणाच्या आवारात हाईड चालते हे त्या बीटच्या वनरक्षकाला ठाऊक असते. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला तिथे पाठवा. तो नुसता येऊन उभा राहिला, दोन शब्द बोलला, तरी निम्मे प्रकार थांबतील.

आता यजमान आणि गाईड मित्रांशी. पावसाचे चार महिने कोकणात हाताला काम कमी असते. हाईडमुळे घरात पैसा येतो, शहरातली माणसे आपल्या ओढ्याला किंमत देतात, आणि ओढा व झाडी टिकवावी असे घरच्यांनाही वाटू लागते. या मिळकतीच्या विरोधात मी एक शब्दही बोलणार नाही. ती वाढावी असेच मला वाटते. पण शहरातून आलेल्या माणसाला बीळ सापडत नाही. ते तुम्हाला सापडते. खंड्या कोणत्या वाटेने येतो, कुठे थांबतो, कुठल्या दगडावर खेकडा आपटतो, हे तुम्हालाच कळते. म्हणून घरट्याचे दार उघडायचे की बंद ठेवायचे, हे तुमच्या हातात आहे.

दाम घरट्याचे लावू नका, सकाळचे लावा. बिळापासून दूर, ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे पक्षी मासळी-खेकडे टिपायला स्वतःहून येऊन बसतो तिथे हाईड बांधा. तिथे फ्लॅशची गरज पडत नाही, कारण तिथे तो बसतो. बिळाचा पत्ता कुणाला सांगू नका. पाहुण्याने जास्त पैसे देऊ केले तरी नाही. आपल्या हाईडच्या जाहिरातीत ‘फ्लॅश चालणार नाही’ असे लिहा. ज्यांना हे पटते असे पाहुणे पुष्कळ आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात. त्रासून जोडी ती दरड सोडून दुसरीकडे गेली तर तुमच्या आवारात दाखवायला काय उरेल, याचाही विचार करा.

स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक, तुम्हाला थोडे कडक बोलावे लागणार आहे. बक्षीस मिळालेला फोटो पुढच्या हंगामाचा नमुना होतो. गेल्या वर्षी ज्या चौकटीला पारितोषिक मिळाले, तीच चौकट या वर्षी शेकडो माणसे गाठायला निघतात. काही स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणे बंद केले आहे आणि त्यांचे स्वागत आहे. पण तिबोटी खंड्याचा झेपेतला फोटो नियमातून निसटतो, कारण चौकटीत बीळ दिसत नाही. बीळ डाव्या काठाच्या बाहेर वीतभर असते. चोचीतली पाल मात्र सांगते की तो पिल्लांकडे निघाला आहे.

परीक्षकाला हे ओळखता येते. डोळ्याच्या बुबुळात दोन-तीन पांढरे ठिपके चमकत असतील तर तितके फ्लॅश होते. पाऊस कोसळताना पंखाचे एकेक पीस धारदार दिसत असेल आणि मागे रात्रीसारखा काळोख असेल, तर तो उजेड आकाशातून आलेला नाही. मूळ रॉ फाईल मागवा, पण तेवढ्यावर थांबू नका. रेडिओ ट्रिगरने उडवलेल्या फ्लॅशची नोंद फाईलमध्ये असेलच असे नाही. फोटो कसा काढला, पक्षी बिळापासून किती दूर होता, फांदी कुणी लावली, हे लेखी विचारा. उत्तर खोटे निघाले तर बक्षीस परत घ्या आणि ते जाहीर करा. नियमात एकच वाक्य वाढवायचे आहे: विणीच्या काळात घरट्याच्या आसपास खाद्य घेऊन जाणाऱ्या पक्ष्याचा फ्लॅश वापरून काढलेला फोटो स्वीकारला जाणार नाही.

रात्रीच्या पक्ष्यांबद्दल मला तिघांनाही मिळून सांगायचे आहे. घुबड आणि रातवा यांचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले असतात. तीव्र प्रकाश पडला की डोळ्यातले प्रकाशसंवेदी रंगद्रव्य विरते आणि ते पुन्हा भरायला वेळ लागतो. माणसाच्या डोळ्याला पूर्ण अंधाराची सवय व्हायला अर्धा तास तरी लागतोच. तेवढ्या वेळात त्या पक्ष्याला शिकार करायची असते, फांद्या चुकवत उडायचे असते, रस्त्यावरून गाडी येत असेल तर वेळेत उठायचे असते. अमेरिकेतल्या ऑड्युबॉन संस्थेने छायाचित्रकारांसाठी दिलेल्या सूचनांत रात्री घुबड-रातव्यांवर फ्लॅश टाळावा असे म्हटले आहे, आणि कारण हेच दिले आहे. फोकससाठी मिनिटे-मिनिटे डोळ्यावर धरलेली टॉर्च फ्लॅशहूनही वाईट. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या जंगलात दिवसा वेलींच्या जाळीत जोडीने झोपणारा फ्रॉगमाऊथ तर हलतही नाही. तो हलत नाही याचा अर्थ त्याला चालते असा होत नाही; न हलणे हाच त्याचा लपण्याचा मार्ग आहे. अशा झोपलेल्या जोडीसमोर गाईड पाहुण्यांची रांग लावतात. ती रांग बंद झाली पाहिजे.

खंड्या जूनमध्ये येतो. परिपत्रक काढायला, फलक रंगवायला, हाईडची जागा हलवायला आणि स्पर्धेच्या नियमावलीत एक वाक्य घालायला मे महिना पुरेसा आहे. वन विभागाने मे महिन्यात कर्नाळा, चिपळूण आणि आंबोली परिसरातल्या गाईडची आणि हाईड चालवणाऱ्यांची एक बैठक बोलवावी आणि स्पर्धांच्या आयोजकांनाही तिथे बसवावे, अशी माझी विनंती आहे. त्या बैठकीसाठी कोकणातले पक्षी-अभ्यासक येतील. चिपळूण परिसरात या पक्ष्याच्या विणीच्या नोंदी त्यांनीच केल्या आहेत. दरडीपासून किती अंतर ठेवायचे आणि कोणत्या आठवड्यांत कुठल्या ओढ्याकडे मुळीच फिरकायचे नाही, हे ते सांगतील. ते सगळे एका कागदावर लिहून प्रत्येक हाईडच्या दाराला लावावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक
रायगड जिल्हा