कापशीचे कान



तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी मांजर आहे? हात वर करा पाहू! आता ज्यांच्या मांजराचे कान पांढरे आहेत, त्यांनी हात वरच ठेवा. आजची गोष्ट खास तुमच्यासाठी.

आमच्या घरी कापशी होती. नावासारखीच पांढरीशुभ्र, नाक आणि कान गुलाबी. सकाळचं दूध झालं, की बाईसाहेब गच्चीच्या कठड्यावर जाऊन ज्या पसरायच्या, त्या दुपार कलल्यावरच खाली यायच्या. आम्हाला त्याचं केवढं कौतुक!

एका उन्हाळ्यात तिच्या कानांच्या कडा लालसर दिसू लागल्या. मग तिथले केस विरळ झाले, बारीक कोंडा पडू लागला, खपली धरली. ‘बोक्याशी भांडली असेल,’ असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. खपली पडायची, पुन्हा धरायची. असं वर्षभर चाललं. शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ही उन्हात किती वेळ बसते?’’

कापशीला कातडीचा कॅन्सर झाला होता. एका कानाचं टोक कापावं लागलं. ती वाचली, पण वर्गात रोज विज्ञान शिकवणाऱ्या मला घरातल्या मांजराचं दुखणं ओळखता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

असं का झालं? कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. उन्हातल्या अतिनील किरणांपुढे ते छत्रीसारखं उभं राहतं. काळ्या मांजराकडे ही छत्री भरपूर असते. पांढऱ्या मांजराच्या कानांत, नाकावर आणि पापण्यांवर ती जवळजवळ नसतेच. त्यात तिथले केसही तुरळक! अंग काळं, पण कान पांढरे असतील तरी धोका आहेच.

तुम्ही म्हणाल, ‘‘बाई, चटका बसला तर मांजर आपणहून उठेल की!’’ शाब्बास, प्रश्न चांगला आहे. पण चटका बसतो तो उष्णतेचा. अतिनील किरण अंगावर पडलेले कळतसुद्धा नाहीत. थंडीतलं ऊन गोड लागतं, तरी त्यात ते असतातच. शिवाय मांजराचे पूर्वज कोरड्या, उष्ण मुलखातली रानमांजरं. त्यामुळे ऊब म्हणजे त्याचा जीव की प्राण! इजा मात्र थोडी थोडी साठत जाते आणि वर्षांनी दिसते.

मग आपण काय करायचं? सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात पांढऱ्या कानांच्या मांजराला घरात ठेवायचं. सावलीत गोणपाट किंवा आईची जुनी साडी अंथरून द्यायची, जवळ पाण्याची वाटी ठेवायची. बंद खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात. तेव्हा मांजराची जागा खिडकीत असेल, तर दुपारी पडदा ओढून घ्यायचा.

आणि एक गोष्ट मुळीच करायची नाही. ताईचं सनस्क्रीन मांजराला फासायचं नाही! मांजर अंग चाटतं. आपल्या क्रीममधला झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट त्याच्या पोटात गेला, तर विषबाधा होऊ शकते. मांजरांना चालणारं क्रीम जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारून आणायचं.

कानाच्या कडेला लाली, कोंडा किंवा न भरणारी खपली दिसली, तर वाट पाहू नका. आईबाबांना लगेच सांगा. सुरुवातीला लक्षात आलं, तर उपाय सोपा असतो.

आता या आठवड्याचा उद्योग. रविवारी दर तासाला अंगणात उभं राहून आपली सावली दोरीने मोजा आणि वहीत मांडा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की समजायचं, अतिनील किरण जोरात आहेत, मनीला आत बोलवायची वेळ झाली. सावली छोटी, तर ऊन खोटी!

जाता जाता आपल्या मांजराला मांडीवर घ्या आणि त्याचे कान नीट पाहा. मी ते वेळेवर पाहिले नव्हते.

तुमची,
बाई