विश्लेषण : फिंगरपिकिंगसाठी छोटी महोगनी गिटार घेताय? आधी बुलढाण्याची हवा बघा

यूट्यूबवर फिंगरपिकिंग शिकायला सुरुवात केली की काही महिन्यांत एक सल्ला हमखास कानावर येतो : मोठी गिटार काढून टाका, छोट्या बांध्याची महोगनी घ्या. सल्ला वाईट नाही. पण तो देणारा बहुतेक वेळा अशा शहरात असतो, जिथे दुकानात पाच गिटारी वाजवून बघता येतात आणि बिघडली तर कारागीर जवळच सापडतो. खामगाव, मलकापूर किंवा मेहकरला बसून, मोबाइलवर फोटो बघून घरच्यांचे पंधरा-वीस हजार रुपये घालणाऱ्याने वेगळे प्रश्न विचारायला हवेत.

माझं मत आधीच सांगतो. आपल्या जिल्ह्यात पूर्ण सॉलिड लाकडाची गिटार ही पहिली निवड असू नये. समोरची फळी म्हणजे टॉप सॉलिड महोगनीचा आणि बाजू व पाठ लॅमिनेटची, हा सौदा इथल्या हवेला मानवतो.

छोटीच का, आणि महोगनीच का?

दुकानात सर्रास दिसणारी मोठी गिटार म्हणजे ड्रेडनॉट. तिचा खालचा घेर साधारण ३९७ मिमी आणि खोली १२४ मिमी. 'ट्रिपल ओ' म्हणजे ००० आकाराचा घेर ३८१ मिमी, खोली मात्र १०५ मिमीच्या आसपास. खरा फरक खोलीत आहे. खोल पेटीत खर्जाच्या तारा घुमतात. पिकने सगळ्या तारा एकदम झोडायच्या असतील तर ते छान वाटतं. फिंगरपिकिंगमध्ये अंगठा खाली बास धरतो आणि बाकीची बोटं वर सूर वाजवतात. तिथे बास फार घुमला की वरची चाल बुडते. उथळ पेटीत दोन्ही वेगळे ऐकू येतात.

महोगनीचा टॉप स्प्रूसपेक्षा कमी चमकदार वाजतो. मूळ सूर ठळक, वरची झणझण कमी. जोरात वाजवलं तर तो लवकर थकतो, पण बोटांनी वाजवताना तेवढा जोर कोण लावतो?

एक गंमत म्हणजे ही लाकडं मुळात श्रीमंतांची नव्हती. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९२२ मध्ये स्टीलच्या तारांसाठी २-१७ हे छोटं महोगनी मॉडेल आणलं, ते नक्षीकामाला फाटा देऊन, स्वस्तात विकण्यासाठी. आज त्याच घराण्यातल्या ०००-१५एमची किंमत आपल्याकडे लाखाच्या बरीच वर जाते.

लेबलवरची 'महोगनी' कोणती?

अमेरिकेतली मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. त्यामुळे अनेक कंपन्या आफ्रिकन महोगनी किंवा सापेले वापरतात. त्यात फसवणूक नाही, ही सगळी झाडं एकाच कुळातली. आपला कडुनिंब त्याच कुळातला आणि तूनही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ती वाद्यं तुनाच्याच लाकडाची बनतात. म्हणजे या कुळाचा आवाज महाराष्ट्राच्या कानाला नवा नाही.

फसवणूक असते ती 'महोगनी फिनिश' या शब्दांत. तिथे महोगनी हा फक्त रंग असतो, आत बासवुड किंवा तसलंच काही. 'महोगनी टॉप' आणि 'सॉलिड महोगनी टॉप' यांतही फरक आहे. सॉलिड हा शब्द लिहिलेला नसेल तर लॅमिनेट समजा. आणि '३८ इंच' ही गिटारची टोकापासून टोकापर्यंतची लांबी असते, त्यावरून पेटीचा आकार कळत नाही.

खरा मुद्दा हवेचा

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. घाटाखालच्या शेगाव, नांदुरा, मलकापूर पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी हवा त्याच्या निम्म्यापेक्षाही कोरडी होते आणि पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. बुलढाणा शहर उंचावर असल्याने थोडं सुसह्य, पण कोरडेपणा तिथेही आहेच. जुलै लागला की गणित उलटं होतं.

पावसाळ्यात घराचं सागवानी दार फुगून चौकटीत अडकतं आणि प्लायवूडचं कपाट मात्र नीट लागतं, हे आपण दरवर्षी बघतो. गिटारचंही तसंच आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि फुगतं. लॅमिनेटमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. सॉलिड फळीला असा आधार नाही. उन्हाळ्यात ती आकसते, टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला लागून खरखरतात, शेवटी तडाही जातो. पहिली खूण हाताला कळते : मानेच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचू लागली तर लाकूड सुकलं आहे. पावसाळ्यात टॉप फुगतो आणि तारा इतक्या वर जातात की बोटं दुखतात. नवशिक्याला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि गिटार कोपऱ्यात जाते.

त्यात आपला कूलर. तो चालू असताना खोली दमट, लाइट गेली की तासाभरात पुन्हा कोरडी. रोजचा हा झोका लाकडाला सगळ्यात वाईट. कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेली गिटार दिसायला झकास, पण तिची जागा बॅगेत आहे. पुण्याहून सुटीला येणाऱ्यांनी मे महिन्यात ती ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू नये, तापलेल्या डिकीत सरस मऊ पडतो.

सॉलिड टॉपची गिटारही सांभाळावी लागतेच, पण तिथे हलणारी फळी एकच असते. पूर्ण सॉलिडमध्ये पाठ आणि बाजूही हलतात. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक बॅगेत ठेवा. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. हे वर्षभर करायची तयारी असेल आणि पैसेही असतील, तर पूर्ण सॉलिड जरूर घ्या. तिचा आवाज सरस असतो, हे मी नाकारत नाही.

मग कोणती?

फेंडरची सीसी-६०एस ऑल महोगनी आणि यामाहाची एफएस८५० या दोन्ही कॉन्सर्ट आकाराच्या, दोन्हींचा टॉप सॉलिड महोगनीचा. जी मिळेल ती बघा, कारण आपल्याकडे एकच मॉडेल कधी असतं, कधी महिनोन्महिने नसतं. आयबानेझच्या पीसी१२एमएचचा टॉप सॉलिड नाही. आवाज थोडा बंद वाटतो, पण हवामानाची कटकट सगळ्यात कमी. हॉस्टेलवर राहणाऱ्याला मी हीच सुचवेन.

टेलरची जीएस मिनी महोगनी खिशाला जड, पण समजून घेण्यासारखी. तिची स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी २३.५ इंच आहे, मार्टिनच्या ०००-१५एमची २५.४. तीच तार, तोच सूर असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर जीएस मिनीवर ताण सुमारे १४ टक्के कमी येतो. म्हणूनच कंपनी तिच्यावर मुद्दाम जाड तारा लावून पाठवते.

नटच्या रुंदीवर ऑनलाइन फार वाद होतात. ४३ मिमी की ४४.५? फरक दीड मिलिमीटरचा, तारांमधल्या पाच जागांत वाटला तर प्रत्येकी ०.३ मिमी. बोटं जाड असतील तर तो जाणवतो. बाकीच्यांनी त्यासाठी जास्तीचे पाच-सात हजार मोजू नयेत. ते सेटअपवर खर्च करा.

गावोगावी भजनी मंडळं असल्याने हार्मोनियम दुरुस्त करणारा सापडतो. गिटारचे नट-सॅडल घासून देणाऱ्यासाठी मात्र अनेकदा अकोला, जळगाव किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणून पार्सल आलं की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. आधी ट्यून करा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, खरखर कुठे येते ते लिहून ठेवा. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीने सगळ्यात जाड तारेची उंची मोजा. अडीच मिमीच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीनच्या वर आणि मानही तिरकी दिसत असेल, तर फोटो काढा आणि परत पाठवा.