साइटवर बघू!

पार्ल्यात राहणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावे याचे काही अलिखित नियम आहेत. सकाळी फिरायला जावे, संध्याकाळी लोकमान्य सेवा संघातल्या व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसून डुलक्या घ्याव्यात, सोसायटीच्या सभेत गळतीवर बोलावे आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ला द्यावा. हे सगळे मी काही वर्षे निष्ठेने केले. मग माझी बुद्धी फिरली आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित तुकड्यावर लाकडी सांगाड्याचे घर बांधायचे मी ठरवले. म्हणजे खांब, तुळया, वासे आणि वर कौले. तेही स्वतःच्या पैशाने आणि, त्याहून धोक्याचे म्हणजे, स्वतःच्या डोक्याने.

बातमी फुटल्यावर लोक भेटायला येऊ लागले. माणूस आजारी पडला की येतात तसे. "लाकडी?" असे विचारून ते आधी माझ्याकडे आणि मग आमच्या हिच्याकडे सहानुभूतीने पाहत. "वाळवी लागेल," एक म्हणाले. "आग लागेल," दुसरे म्हणाले. "तुम्हाला लोक हसतील," मेव्हणे म्हणाले आणि लगेच सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर तर हात जोडून म्हणाले, "काका, आर.सी.सी. करा. शंभर वर्षं बघायला नको." हे वाक्य ते जिन्यात उभे राहून बोलत होते आणि त्यांच्याच न्हाणीघराचे पाणी माझ्या खांद्यावर ठिबकत होते.

मुंबईत तिशी ओलांडलेल्या इमारतीला कायद्यानेच तपासणी करून घ्यावी लागते. म्हणजे शंभर वर्षांची हमी सरकारसुद्धा मानत नाही. ती फक्त तिसऱ्या मजल्यावर मिळते. पण गैरसमज नको. माझे भांडण सिमेंटशी नाही. जोते, विहीर, संडासाची टाकी मी सिमेंटातच बांधली. माझे भांडण आहे दोन शब्दांशी. या दोन शब्दांनी जेवढी घरे खाल्ली तेवढी वाळवीने खाल्ली नसतील. ते शब्द म्हणजे "साइटवर बघू".

आमच्या आर्किटेक्टने नकाशा काढला तो काय वर्णावा! ओटीवर झोपाळा, अंगणात मोटार, मोटारीशेजारी माड, माडाखाली हॅट घातलेला एक सडपातळ गृहस्थ. आमच्या घराण्यात हॅट कुणी घातली नाही आणि सडपातळ तर कुणीच नाही, पण तेही मी सोडून दिले. मी एवढेच विचारले, "हा खांब जमिनीला टेकतो, तिथे नेमकं काय आहे?" नकाशात तिथे एक रेघ होती. आर्किटेक्ट म्हणाला, "ते साइटवर बघू." मी विचारले, "खांब आणि भिंत भेटतात तिथे?" "ते साइटवर बघू." "शेवटचं कौल आणि पन्हळ?" "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका." साइटवर गेल्यावर कंत्राटदार म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये असेल तसं करू." हॅटवाल्या गृहस्थाची इस्त्री काढायला ज्याच्याजवळ वेळ आहे, त्याच्याजवळ खांबाच्या पायाला वेळ नाही!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर एवढा त्रागा कशाला? तर ऐका. हा त्रागा मला एकतीस वर्षांनी सुचलेला आहे.

पार्ल्यात पूर्वेला आमचा एक बंगला होता. बंगला म्हणजे तळमजला आणि वर एक, मंगलोरी कौले आणि पुढे पडवीला आठ सागवानी खांब. आजोबांनी ते खांब दगडाच्या तळखड्यांवर उभे केले होते. दगड फरशीच्या वर चांगला वीतभर. 1986 साली मला नुकतीच बढती मिळाली होती आणि बढती मिळालेला माणूस घराला हात लावल्याशिवाय राहत नाही. मी पडवीला नवी फरशी घातली आणि ते 'गावठी' दगड दिसू नयेत म्हणून खांबांभोवती गुळगुळीत सिमेंटचा कट्टा करून घेतला. अण्णा झोपाळ्यावरून बघत होते. म्हणाले, "अरे, खांबाचे पाय कोंडू नकोस." मी म्हणालो, "अण्णा, हल्ली असंच करतात." ते पुढे काही बोलले नाहीत. समोरचे दोन खांब झाल्यावर माझे पैसे संपले. तेवढ्याने बाकीचे सहा वाचले.

2017 साली बंगला पुनर्विकासाला गेला. पाडणाऱ्यांच्या मुकादमाने आठही खांब उतरवून ओळीने आडवे ठेवले. सहांच्या तळाला त्याने हातोडी मारली, टणटण आवाज आला. माझ्या दोन खांबांत त्याने नुसती सळई टेकवली आणि ती फूटभर आत गेली. मी पार्ल्याचा माणूस. इथला बिस्किटांचा कारखाना 2016 साली बंद झाला असला तरी बिस्किटाचा भुगा मला ओळखू येतो. माझ्या चपलेवर पडला तो तोच होता. आजोबांनी उभा केलेला आणि अण्णांनी जपलेला खांब मी एका कट्ट्याने खाल्ला होता. अण्णा तेव्हा नव्हते, हे त्यांचे भाग्य की माझे, कोण जाणे.

कारण साधे आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. अंगावर पडलेले पाणी बरेचसे ओघळून जाते, पण कापलेले टोक नळीसारखे पाणी पिते. तळखड्यावरचा खांब भिजला तर चार दिवसांत वाळतो. कट्ट्यातला खांब सिमेंटच्या वाटीत उभा असतो. त्या वाटीत फटीतून पाणी शिरते आणि बाहेर यायला वाट नसते. शाळेतून भिजून आलेले पोर आजारी पडत नाही, ओल्या कपड्यांत बसवले तर पडते. एवढे कळणारी आपली मंडळी लाकडाला मात्र जन्मभर ओल्या कपड्यांत बसवतात आणि मग म्हणतात, लाकूड टिकत नाही!

दापोलीकडचे आमचे सुतारबुवा हे एका वाक्यात सांगत. "भाऊ, पानी येनार कुठनं ते समदे सांगतात. जानार कुठनं ते सांगा." घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य नकाशाच्या डोक्यावर लिहावे आणि हॅटवाल्या गृहस्थाला तिथून रजा द्यावी.

वाळवीचेही तेच. वाळवी दगड खात नाही, पण दगडावरून मातीची नळी बांधत वर चढते. मग दगडाचा उपयोग काय? उपयोग हा, की तिला उघड्यावरून यावे लागते. सकाळी झाडताना नळी दिसली की मोडता येते, औषध घालता येते. कट्ट्याआडून आली तर खांब पोकळ होईपर्यंत पत्ता लागत नाही. आणि लोक आधी तिला आडोसा करून देतात!

आता खांब आणि भिंत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण जाडीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंत काही त्याच्याबरोबर हलत नाही. म्हणून दोघांत फट पडणारच. कंत्राटदार ती दर वर्षी सिमेंटने बुजवतो आणि ती दर वर्षी पुन्हा पडते. सुतारबुवांनी खांबाला उभी खाच पाडली, गिलावा त्या खाचेत घेतला आणि वरून पट्टी मारली. मी उत्साहाने पट्टीला दोन्ही बाजूंनी खिळे मारायला घेतले, तर माझा हात धरला. पट्टी खांबाला मारायची, भिंतीला नाही. दोन्हीकडे मारली की चिरते. सोसायटीच्या सभेत दोन्ही पक्षांशी जोडून घेणाऱ्या चिटणिसांचे काय होते ते मी पाहिले आहे, त्यामुळे मुद्दा लगेच पटला.

सांध्यांचीही तीच कथा. कंत्राटदार म्हणे, लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारा, झटपट होईल. समुद्राच्या वाऱ्यात साध्या लोखंडाला गंज चढतो आणि गंजाबरोबर भोक सैल होते. बुवांनी एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवले आणि आरपार लाकडी खुंटी ठोकली. गंमत म्हणजे, दोन्ही भोके मुद्दाम एका रेषेत ठेवली नाहीत. आतल्या टोकाचे भोक अर्ध्या सुताने आत घेतले. खुंटी शिरताना दोन्ही लाकडे एकमेकांकडे ओढली जातात आणि सांधा आवळतो. हे अर्धे सूत साइटवर 'बघता' येत नाही. ते आधी ठरवावे लागते.

कौलेही आधी आणून हातात धरावी लागतात, कारण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही, आणि रिपांमधले अंतर कौलच ठरवते. आमच्याकडे कंत्राटदाराने रिपा आधी मारल्या. मग त्या सगळ्या उपटल्या. वळचणही त्याने फूटभर ठेवली होती, 'लुक चांगला येतो' म्हणून. कोकणातला आडवा पाऊस लुक बघत नाही. आम्ही ती तीन फूट केली. आता घर जरा टोपी डोळ्यांवर ओढल्यासारखे दिसते, पण भिंती कोरड्या असतात.

राहिली आग. लाकूड जळते, हे मला मान्य आहे. 1828 साली शनिवारवाडा जळाला हे आम्हीही शाळेत शिकलो. पण जाड तुळई बाहेरून कोळसा होत तासाला साधारण चार सेंटिमीटर आत जळते आणि आतला गाभा तोवर भार पेलतो. उघडे पोलाद सहाशे अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद घालवून बसते. म्हणून तुळई किती जाड, हाही आधीच ठरवायचा प्रश्न आहे. आणि 'सरकारनेच लाकूड बंद केलंय' म्हणणाऱ्यांसाठी: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 साली आपल्या कामांत लाकडावर बंदी घातली ती जंगले वाचवण्यासाठी. 2020 साली ती उठली. इंजिनिअरसाहेबांना हे सांगितले, तर म्हणाले, "असेल." पार्ल्यात यापेक्षा मोठी शरणागती कुणी पत्करत नाही.

घर उभे राहिले. पार्ल्याचे आठही खांब ओटीवर आहेत. माझ्या दोन खांबांचा कुजलेला तळ बुवांनी करवतीने कापला. प्रत्येकी दीड फूट गेला. मी म्हटले, खाली सिमेंटचा ठोकळा ओतून घेऊ. बुवांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला झोपाळ्यावरचे अण्णा आठवले. मग त्यांनी दीड फूट जास्त उंच असे जांभ्याचे दोन तळखडे घडवून घेतले आणि खांब त्यांवर उभे केले.

पाहुणे येतात, ओटी न्याहाळतात आणि विचारतात, "हे दोनच दगड उंच का? काही खास डिझाइन आहे का?" मी घसा खाकरून काही तरी भारदस्त सांगण्याच्या बेतात असतो, तेवढ्यात आतून चहा घेऊन येणारी आमची ही म्हणते, "डिझाइन कसलं? ती यांची बढती आहे."