साक्ष कुणाची ग्राह्य?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात उपकरणे येतात: दार उघडताच मुलाला कळवणारा सेन्सर, गोळीच्या वेळी वाजणारी डबी, गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा. ती उपयोगी ठरली का, हे मात्र बहुधा मुलाला, सुनेला नाहीतर परिचारिकेला विचारले जाते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो 'काय सांगणार' म्हणून वगळला जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशामागून बुद्धिनाश येतो; ती क्रोधाची मीमांसा आहे. आपण मात्र तेच समीकरण आजाराला लावून मोकळे होतो.

या वगळण्याने काय हरवते, हे इंग्लंडमधील 'अटिला' चाचणीत दिसले. ४९५ स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला गरजेनुसार उपकरणांचा पूर्ण संच मिळाला, दुसऱ्याला मोजकी साधी उपकरणे. पूर्ण संचामुळे स्वतःच्या घरी राहण्याचा काळ वाढला नाही. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. रुग्णांच्या स्वतःच्या उत्तरांवरून १०४ आठवड्यांचे जीवनमान मोजले, तेव्हा ते पूर्ण संचाच्या गटात कमी भरले. त्यांच्या वतीने इतरांनी दिलेल्या उत्तरांत असा फरक आढळला नाही. असे का, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण केवळ इतरांनाच विचारले असते, तर हा प्रश्नच उपस्थित झाला नसता.

जो कालचे विसरतो, तो महिन्याभराचा अनुभव कसा तोलणार, असा आक्षेप येईल. मग महिन्याभराचे विचारूच नये. डबी वाजते त्या क्षणी, त्याच्याच स्वयंपाकघरात विचारावे. शब्द सापडत नसतील तर पाहावे: आवाजाने तो गोळीकडे वळतो की दचकतो? तो वारंवार प्लग काढून ठेवतो, याची नोंद 'असहकार' अशी होते; वास्तविक तो त्याचा अभिप्राय असू शकतो. माणूसपण स्मरणशक्तीवर अवलंबून नसते, नात्यांतून इतर ते बहाल करतात, अशी मांडणी टॉम किटवूड यांनी १९९७ मध्येच केली होती.

अविश्वसनीय निवेदक आपण वर्गात शिकवतो. त्याचे तपशील चुकले तरी त्याचे कथन फेकून द्यायचे नसते, हे विद्यार्थ्यांना पटवतो. तीच वाचनाची शिस्त घरातल्या वृद्धाला नाकारण्याचे कारण काय? कुटुंबाची निश्चिंतता महत्त्वाची आहेच. तिचा रकाना वेगळा ठेवावा. तिलाच रुग्णाचे समाधान म्हणणे, ही दुसऱ्याच्या नावावर केलेली सही आहे.